गुडघ्यातील नसेची आग आणि सटकणारा सांधा: कोल्हापुरात राहून उपचार कसे घ्यावेत

गुडघा दुखतो म्हटले की कोल्हापुरात दोन उत्तरे ठरलेली असतात. माणूस पन्नाशीच्या पुढचा असेल तर "झीज झाली", आणि तालमीतला किंवा पेठेच्या संघातून फुटबॉल खेळणारा पोरगा असेल तर "लिगामेंट गेलं". ही उत्तरे पुष्कळदा बरोबरही निघतात. परंतु ज्यांच्या गुडघ्यात आगही होते आणि चालताना सांधा मध्येच दगाही देतो, त्यांना ती पुरत नाहीत. आग होणे, करंट लागल्यासारखी कळ जाणे, मुंग्या येणे, कातडी बधिर होणे ही नसेची लक्षणे आहेत. गुडघा सटकणे किंवा अचानक मुडपणे हे सांध्याचे स्थैर्य गेल्याचे लक्षण आहे. दोन्ही दुखणी एकाच पायात असली तरी त्यांची कारणे, तपासण्या आणि औषधे निरनिराळी असतात, आणि एकावर केलेला उपाय दुसऱ्याला बाधू शकतो. म्हणून उपचाराच्या आधी या दोन तक्रारी एकमेकींपासून सोडवून घ्याव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तक्रार नेमकी कशी मांडावी

बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांच्या वाट्याला एका रुग्णामागे काही मिनिटेच येतात. तेवढ्यात "पाय लई दुखतोय, झोप लागत नाही" इतकेच सांगितले, तर वेदनाशामक गोळी आणि एक्स-रेची चिठ्ठी यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. त्याऐवजी दोन आठवडे एका वहीत दोन रकाने करून नोंद ठेवावी. एका रकान्यात आग: ती दिवसा होते की रात्री, बसल्यावर वाढते की चालल्यावर, चादरीचा किंवा पॅन्टचा नुसता स्पर्शही सहन होत नाही असे होते का. दुसऱ्या रकान्यात सटकणे: त्या क्षणी आपण सरळ चालत होतो, वळत होतो की जिना उतरत होतो, आवाज आला का, सूज आली का, आणि आली असल्यास किती तासांनी.

या बारीकसारीक तपशिलांतच निदानाचा निम्मा भाग असतो. पाय रोवून शरीर वळवताना "खट्" असा आवाज झाला आणि दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला, तर सांध्याच्या आत रक्तस्राव झालेला असतो आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी बांधून ठेवणारे पुढचे लिगामेंट, फाटल्याचा संशय बळावतो. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली आणि गुडघा अधूनमधून अडकत असला, तर मेनिस्कसकडे, म्हणजे ज्याला आपण गुडघ्याची गादी म्हणतो तिच्याकडे, पाहावे लागते. जिना उतरतानाच गुडघा ढिला पडत असेल, तर पुष्कळदा लिगामेंट शाबूत असते. मांडीचा पुढचा स्नायू वेदनेमुळे आणि सुजेमुळे काम करेनासा झालेला असतो, किंवा वाटी जागेवरून सरकत असते.

नसेसाठी एक साधी युक्ती करावी. जिथे बधिरपणा किंवा आग आहे, त्या भागाची कड बोटाने हलके चाचपून बॉलपेनने थेट कातडीवर रेघ मारावी, आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच करावे. हा नकाशा डॉक्टरांना शब्दांपेक्षा जास्त सांगतो. वाटीच्या खाली, पुढच्या बाजूस, जुन्या शस्त्रक्रियेच्या वणाशेजारी तळहाताएवढा पट्टा बधिर असेल, तर तिथे सॅफेनस नसेची लहान शाखा दुखावलेली असण्याची शक्यता असते. एसीएलच्या किंवा सांधेरोपणाच्या शस्त्रक्रियेनंतर ही गोष्ट नेहमी आढळते. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर असेल, तर गुडघ्याच्या बाहेरून जाणाऱ्या पेरोनियल नसेचा विचार करावा लागतो. वेदना कमरेतून मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरत असेल, तर मूळ दोष मणक्यात असू शकतो. आणि मोजे घातल्याप्रमाणे दोन्ही पावले सारखीच बधिर असतील, तर गुडघ्यावर खर्च करण्याआधी रक्तातील साखर आणि व्हिटॅमिन बी-१२ तपासून घ्यावे. मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये आणि शाकाहारी मंडळींमध्ये बी-१२ची कमतरता वारंवार सापडते, आणि तिच्यावरचा इलाज तुलनेने सोपा आहे.

पेरोनियल नसेविषयी आपल्या जिल्ह्यात थोडे अधिक सांगायला हवे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, किंचित खाली, हाताला एक लहानसा हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून ही नस जाते आणि तिथे तिच्यावर कातडीशिवाय जवळजवळ काहीच आवरण नसते. तासन्तास उकिडवे बसून भांगलण करणाऱ्या बायकांची, मांडी घालून किंवा पायावर पाय टाकून दिवसभर बसणाऱ्या कारागिरांची नस नेमकी तिथेच दबते. आधी मुंग्या येतात, मग पावलाचा वरचा भाग बधिर होतो, आणि तरीही बसणे बदलले नाही तर चालताना पुढचे पाऊल उचलले जाईनासे होते, चप्पल घासत येते. ही अवस्था "नस चढली" म्हणून अंगावर काढण्याजोगी नाही.

लगेच दवाखाना गाठावा अशी लक्षणे

पाऊल अचानक लुळे पडले; मार लागल्यानंतर पाय थंड, पांढरट किंवा निळसर झाला; गुडघा लाल, गरम होऊन ताप आला; पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा त्यासोबत धाप लागली; मार लागल्यानंतर चार पावलेही टाकता येत नाहीत; गुडघा अडकून सरळच होत नाही; किंवा पायांतील कमजोरीबरोबर जांघेचा आणि बैठकीचा भाग बधिर झाला आणि लघवी-शौचावरचा ताबा गेला. यांपैकी काहीही झाले तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असली तरी, अपघात विभाग गाठावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठीच आहे.

कोणाकडे, कोणत्या क्रमाने

पहिली भेट अस्थिरोगतज्ज्ञांची. शासकीय सोय हवी असल्यास भाऊसिंगजी रोडवरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले असल्यामुळे तिथे अस्थिरोगासह बहुतेक विभाग एकाच ठिकाणी मिळतात. केसपेपरसाठी सकाळी लवकर जावे, सैल पायजमा किंवा गुडघ्यावर सहज जाईल असे कपडे घालावेत आणि सोबत घरचे कोणीतरी न्यावे. डॉक्टर काय म्हणाले हे दोघांनी ऐकलेले बरे. खाजगीत जाणाऱ्यांना शहरात पुष्कळ पर्याय आहेत, आणि दुसरे मत घ्यायचे झाल्यास मिरज तर आपल्याकडच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे.

चांगल्या तपासणीत डॉक्टर गुडघ्याला हात लावतात, एवढेच नव्हे तर दुसऱ्या गुडघ्याशी तुलना करतात, नडगी पुढे-मागे ओढून ढिलेपणा पाहतात आणि कंबर व खुबाही तपासतात. खुब्याचा आजार गुडघ्यात दुखतो हे अनेकांना माहीत नसते. एक्स-रे शक्यतो उभे राहून काढलेला असावा, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातील कमी झालेली जागा लपते. एमआरआय लिगामेंट आणि गादी चांगली दाखवतो. परंतु चाळिशीनंतर कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांच्याही एमआरआयमध्ये गादीला चिरा दिसतात, त्यामुळे केवळ अहवालातील वाक्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नये. नसेसाठी एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी) आणि ईएमजी (स्नायूतील विद्युत हालचाल मोजणारी) या तपासण्या असतात. इजा झाल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी त्या केल्यास चित्र अधिक स्पष्ट मिळते. घाईने पहिल्याच आठवड्यात केलेली तपासणी फसवी निघू शकते. वाटीजवळची सॅफेनस नसेची ती लहान शाखा मात्र या तपासणीत नीट सापडत नाही. तिच्यासाठी सोनोग्राफीच्या आधाराने नसेभोवती भुलीचे थोडे औषध देऊन पाहतात. काही तास आग पूर्ण थांबली, तर दुखणारी जागा सापडली असे समजावे. हे काम बहुधा वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेले भूलतज्ज्ञ करतात. नसेची बाजू ठळक असेल तर त्यांच्याकडे किंवा मेंदू व मज्जातंतू विकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी, आणि ती मागताना संकोच करू नये.

आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या रुग्णालयातून डिस्चार्ज कार्डाबरोबर शस्त्रक्रियेची सविस्तर नोंदही मागून घ्यावी. नव्या लिगामेंटसाठी कोणता ग्राफ्ट (दुसरीकडून घेतलेला तंतूंचा तुकडा) वापरला, छेद कुठे घेतला, कोणता सांधा बसवला हे पुढच्या डॉक्टरांना कळणे आवश्यक असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत ही कागदपत्रे द्यावी लागतात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी.

खर्चाचे पाहायचे तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणत्या शस्त्रक्रिया बसतात, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या मदतनिसाकडे, रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधीच विचारावे. सगळ्याच यादीत असतात असे गृहीत धरू नये. कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर केंद्राने ऑगस्ट २०१७ पासून कमाल मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे अंदाजपत्रकात सांध्याची किंमत स्वतंत्र लिहून मागण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

एकाचा उपाय, दुसऱ्याचा अपाय

या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दोन निरनिराळे डॉक्टर दोन निरनिराळ्या चिठ्ठ्या देतात आणि त्यांचा मेळ घालणे अखेर रुग्णाच्या घरी होते.

डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या सांध्याच्या सुजेवर चालतात, पण नसेच्या आगीवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. आग थांबत नाही म्हणून लोक स्वतःच एकाच्या दोन गोळ्या करतात, आणि जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांना त्याची किंमत मोजावी लागते. नसेच्या वेदनेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, नॉर्ट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गाबापेंटिन, प्रेगाबालिन ही औषधे वापरली जातात. यांतली काही नैराश्यासाठी तर काही फिट्ससाठीही दिली जातात, त्यामुळे पाकिटावरची माहिती वाचून "मला कुठे फिट येतात?" म्हणून घाबरून औषध सोडू नये. ती कमी मात्रेपासून, बहुधा रात्री सुरू करतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केल्यास त्रास होतो. मात्र त्यांनी गुंगी आणि चक्कर येते, आणि ज्याचा गुडघा आधीच सटकतो तो रात्री लघवीला उठताना पडतो. म्हणून औषध सुरू झाल्यावर पहिले काही दिवस पलंगाजवळ काठी आणि संडासापर्यंत दिवा असलाच पाहिजे, आणि नसेची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना "माझा गुडघा सटकतो" हे आवर्जून सांगावे.

पट्ट्याचेही असेच आहे. बाजूंना पट्ट्या असलेला ब्रेस सांध्याला आधार देतो, परंतु त्याचा खालचा पट्टा त्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यावर आवळला गेला, तर पेरोनियल नस दबते. ब्रेस घातल्यावर अर्ध्या तासाने पावलाचा वरचा भाग चाचपावा. मुंग्या आल्या असतील तर पट्टा वर-खाली सरकवून घ्यावा. बर्फाची पिशवीही त्या जागी फार वेळ ठेवू नये आणि कातडीला थेट लावू नये. ज्या भागाला स्पर्श कळत नाही तिथे गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये, कारण चटका बसतो आणि कळत नाही. मधुमेह असणाऱ्यांच्या जखमा मग महिनोन्‌महिने भरत नाहीत.

तालमीतली मालिश थकलेल्या स्नायूंना आराम देते हे खरे आहे. तरीही दुखावलेल्या नसेवर अंगठ्याने जोर लावणे आणि ढिल्या सांध्याला झटका देऊन "बसवणे" हे दोन्ही प्रकार टाळावेत. दुखऱ्या गुडघ्यावर डाग देण्याची जुनी पद्धत तर पूर्णपणे सोडून द्यावी. नाव-पत्ता नसलेल्या ज्या पुड्यांनी दोन दिवसांत सगळे दुखणे पळते, त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते. साखर वाढणे, चेहरा सुजणे, हाडे ठिसूळ होणे हे परिणाम मागाहून दिसतात.

सांध्यातील स्टेरॉइडचे इंजेक्शन सुजेच्या वेदनेला काही आठवडे आराम देते, पण मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते. फाटलेले लिगामेंट पीआरपीने (रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवाच्या इंजेक्शनने) जुळून सांधा घट्ट होतो, या जाहिरातींवर विश्वास ठेवून कर्ज काढू नये. एसीएलची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा तातडीची नसते. आधी सूज उतरवून, गुडघा पूर्ण सरळ करून, मांडीत ताकद आणून मग शस्त्रक्रिया केल्यास पुढचा काळ सोपा जातो, आणि ज्यांना वळणे-उड्या मारणे असे खेळ खेळायचे नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांचे केवळ व्यायामाने भागते. खेळाडूंनी मात्र शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने आणि ताकदीची चाचणी पार होईपर्यंत मैदानात उतरू नये. पेठेची इभ्रत आणि स्पर्धेची तारीख ही त्यासाठी पुरेशी कारणे नाहीत. दुखावलेल्या नसेच्या टोकाला झालेली गाठ काढण्याची शस्त्रक्रिया भुलीच्या चाचणीने तात्पुरता आराम मिळाल्याशिवाय करू नये.

रोजचा व्यायाम

फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घेतलेला व्यायाम हा या दुखण्यातला सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि मांडी आवळून ती गुंडाळी पाच सेकंद खाली दाबावी. असे दहा वेळा करावे. ते जमले की पाय सरळ ठेवून वीतभर उचलावा. नंतर कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलावा, कारण खुब्याचे स्नायू कमजोर असतील तर गुडघा आत वळतो. पुढे उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, आणि स्वयंपाकघरातील ओट्याला हात लावता येईल इतक्या अंतरावर एका पायावर उभे राहणे. गुडघा मजबूत करायचा म्हणून थेट बैठका मारायला लागू नये. खोल बैठक ही या क्रमातली शेवटची पायरी आहे आणि ढिल्या सांध्याच्या अनेकांना ती कधीच लागत नाही. व्यायाम करताना थोडे दुखले तर हरकत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा आग वाढलेली आढळली तर मात्रा निम्मी करावी. ताकद यायला दोन ते तीन महिने लागतात, हे आधीच मनाशी धरावे.

स्पर्शाने आग होणाऱ्या कातडीलाही सवय लावावी लागते. जुन्या धुवट साडीच्या मऊ तुकड्याने त्या भागाच्या कडेपासून आत असे दोन-तीन मिनिटे हलके चोळावे, दिवसातून तीन-चार वेळा. आठवड्याभराने साधा रुमाल, मग खरखरीत टॉवेल घ्यावा. चोळताना श्वास रोखला जात असेल तर मागच्या कापडावर परत यावे. दुखावलेली नस वाढून भरून निघण्याचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर इतकाच असतो, त्यामुळे महिनाभरात काही फरक नाही म्हणून हातपाय गाळू नयेत.

घरात आणि रस्त्यावर

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. भारतीय पद्धतीच्या संडासावर मधोमध छिद्र असलेली खुर्ची ठेवली की उकिडवे बसणे सुटते. पंगतीत आणि कीर्तनाला खुर्ची मागण्यात कमीपणा मानू नये. जोतिबाच्या पायऱ्या, पंचगंगेच्या घाटावरचे शेवाळ आणि अंबाबाईच्या मंदिरातील ओल्या फरशीवरून अनवाणी चालणे हे पावसाळ्यात धोक्याचे असते. जायचेच झाले तर गर्दी नसलेल्या वेळी आणि कोणाचा तरी हात धरून जावे.

कोल्हापुरी चप्पल आपल्या अभिमानाची वस्तू आहे, पण तिचा चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या फरशीवर घसरतो आणि टाचेला मागे पट्टा नसतो. ढिल्या गुडघ्याला टाच धरून ठेवणारे, रबरी तळाचे पादत्राण हवे. कोल्हापुरी लग्नकार्याला, कोरड्या जमिनीवर वापरावी. दुचाकीला किक मारताना आणि जड गाडी मधल्या स्टँडवर चढवताना गुडघा पिळवटतो, म्हणून बटनस्टार्टची हलकी गाडी बरी.

घरच्यांना हे दुखणे दिसत नाही. गुडघ्यावर सूज नसते, अहवाल "नॉर्मल" येतो, आणि "मनाचं आहे सगळं" असे ऐकावे लागते. अशा वेळी घरातल्या एकाला तरी डॉक्टरांच्या भेटीला नेऊन त्यांच्या तोंडून ऐकवावे. दीर्घ वेदनेत झोप आणि मन दोन्ही खचतात, आणि त्यावरचा उपचार हा गुडघ्याच्या उपचाराचाच भाग आहे. मन फार खचले असेल तर टेलि मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

सर्व उपचार होऊनही पायाची हालचाल आणि ताकद कायमची कमी राहिली, तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींसाठी २०१६ च्या कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. तिथे केवळ वेदना मोजली जात नाही, सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद मोजली जाते. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून दर तीन महिन्यांनी गुडघ्याचा कोन आणि ताकद लेखी घ्यावी, तारखेसह सही-शिक्का घ्यावा आणि ते कागद एनसीव्ही अहवालाच्या मागे त्याच फाइलमध्ये लावत जावेत.